गाडीचं तोंड गोड

राजेहो, आमच्या वरूडच्या संत्र्याच्या बाजारात जानराव म्हटलं का लोकं जरा सरकून जागा देतात. मीच थो. आमच्या गल्लीत विजेवर चालणारी कार पयले म्या घेतली, अन् डिझेलचा धूर काढत फिरणाऱ्यांची मले तवापासून कीव येत जाय.

मे महिन्यात भाचीचं लगन अकोल्याले ठरलं. वर्षाली, माह्या बहिणीची, सत्यभामेची, एकुलती एक पोरगी. कॉलेजभर आमच्याच घरी वाढली. सत्यभामेले भाऊ मी एकटाच, म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे उभं राह्यचा मान माहा. पत्रिका द्यायले आली तवा पोरगी म्हणे, "मामा, अक्षता पडेस्तोर माह्या मागून हालू नोका." म्या म्हटलं, बाई, भुईकंप झाला तरी हालत नाही.

माहा चुलतभाऊ शेषराव सकाळच्या एसटीनं चालला होता. मले म्हणे, संगं चाल, लग्नाच्या दिवशी नवी वस्तू कायले आजमावतं? म्या त्याले मोबाइल दाखवला. अमरावतीपासून अकोल्यालोक चार्जिंगचे हिरवे ठिपके, तुरीचे दाणे सांडल्यावानी. म्हटलं, तू एसटीत गचके खाय. तू पोचशीन तवा माहा चहा पिऊन झाला असन.

निघताना आशाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, गाडीची पूजा केली. नारळ फोडलं, स्वस्तिक काढलं. म्या म्हटलं, शुभकार्याले चालली, तिचंही तोंड गोड कर. आशाबाई म्हणे, गाडीले तोंड कुठं असते? म्या मोठ्या ऐटीत समोरचं चार्जिंगचं झाकण उघडून दाखवलं. वीज इथूनच पोटात जाते, म्हणजे हेच तोंड! तिनं हळदकुंकू लावलं, गुळाचा खडा ठेवला. म्या झाकण लावलं अन् निघालो.

ऊन असं का डांबर पघळून राहिलं होतं. एसी फुल, मागे आहेराचे भांडे. कंपनीवाल्यानं सांगतलेले किलोमीटर अमरावती येईस्तोर निम्मे आटले. काही हरकत नाही, हिरवा ठिपका जवळच होता. पोचलो तर मशीनवर पोतं टाकून दोरीनं बांधलेलं. बाजूचा रसवंतीवाला म्हणे, उद्घाटनाच्या दिवशी चालली होती, फोटो निघेस्तोर. हेल्पलाइनले फोन लावला. बाई लय गोड बोलली, आमच्याकडे तर चार्जर सुरू दिसतोय सर. म्या म्हटलं, तुमच्याकडे सुरू आहे तर तिथूनच करंट पाठवा.

पुढचा ठिपका बडनेऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर. तिथं चार्जिंगच्या शेडखाली आचाऱ्यानं भट्ट्या लावलेल्या, कोणाच्या तरी लग्नाचा स्वयंपाक. मशीनवर त्याचे झारे लटकून राहिले होते. मी भांडलो. थो म्हणे सावली इथंच आहे जी, पंगत उठली का जागा देतो, तवालोक दोन घास खाऊन घ्या. परक्या लग्नात जेवू का मी? एसी बंद केला, काचा खाली केल्या अन् तसाच निघालो. आशाबाईचा चेहरा वांग्याच्या भरतावानी झाला होता. म्या तिले धीर दिला, आपल्याकडचं लगन कधी टायमावर लागलं आहे काय? वरात नाचण्यातच दोन तास जातात.

मूर्तिजापूरले मात्र मशीन जिवंत होती. दिवा जळत होता. मी हात जोडाचाच बाकी होतो. झाकण उघडलं, मशीनच्या वायरची गन लावली, तर आत जाईना. ढकलली, गुडघ्यानं रेटली. मशीनवर लाल अक्षरं. म्या मशीनले, कंपनीले, सरकारले, सगळ्याइले शिव्या घातल्या. आशाबाईनं चष्मा लावला अन् वाकून पायलं.

"अवो, हे मुंगळे कुठून आले?"

गूळ पघळून एकेका भोकात उतरला होता, त्याच्यावर कुंकू, अन् वरूडचे मुंगळे फुकटात मूर्तिजापूरलोक आले होते. मशीनचा काहीच दोष नव्हता, हे मले सगळ्यात जास्त झोंबलं. आशाबाईच्या केसातली पिन अन् माह्या नव्या फेट्याचं ओलं टोक घेऊन आमी दोघं गाडीचे दात घासत बसलो. शेवटी गन लागली. आकडा उलसा सरकला अन् लाइन गेली.

तेवढ्यात समोर अकोल्याची एसटी थांबली. आशाबाई म्हणे, गाडी राहू द्या इथंच, चाला. म्या म्हटलं, नवी गाडी रस्त्यावर टाकून जाऊ? लोकं काय म्हणतीन? एसटी गेली.

मंग सत्यभामेचा फोन आला. म्या म्हटलं, तासभर थांबवा.

"दादा, हॉलवाल्यानं संध्याकाळचं दुसरं लगन घेतलं आहे. भटजी थांबून नाही राहिले." अन् आवाज बारीक करून म्हणे, "शेषरावदादाले उभं केलं मागे."

फोन तिनं तसाच चालू ठेवला. बंद मशीनपाशी, ओल्या फेट्यात, म्या सगळी मंगलाष्टकं कानाले मोबाइल लावून आयकली. 'सावधान' झालं तशा खिशातल्या अक्षता टाकल्या. गाडीच्या बोनेटवर पडल्या. आशाबाई पदरानं डोळे पुसून राहिली होती.

लाइन आली, आमी पोचलो तवा शेवटची पंगत बसली होती. शेषराव मामाच्या मानाचा शेला अंगावर घेऊन वऱ्हाडाले निरोप देत होता. मले पाहून त्यानं पंगतीकडे हात दाखवला. उलसं टोचून बोलला असता तर बरं वाटलं असतं. वर्षाली आली, पाया पडली. चिडली नाही, रडली नाही.

"जेवले का मामा?"

एवढंच. कोण्याही पाहुण्याले विचारतात तसं.

मी गुपचूप पंगतीत जाऊन बसलो. वाढणारा जिलबीचं घमेलं घेऊन आला अन् म्हणे, "पाहुणे, तोंड गोड करा."

म्या पत्रावळीवर हात आडवा धरला. खरं सांगतो राजेहो, गोड म्हटलं का मले आता मुंगळेच दिसतात.