ताटाची हजेरी

२ डिसेंबर २०२४, सोमवार, सकाळी साडेआठ. सुभेदारांच्या घरातून हजेरी ऐकू आली नाही.

ही हजेरी ताटाची असे. मलकापूरला सुभेदार आनंदरावांचे घर आणि माझे घर यांत एकच भिंत आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मी येथे राहायला आलो, तेव्हापासून ती रोज ऐकत होतो. न्याहारीला बसले की सुभेदार परेडच्या आवाजात विचारीत, “पायदळ?”

“हाय,” ओट्यापाशी उभ्या असलेल्या हौसाबाई म्हणत. पायदळ म्हणजे भाकरी.

“बांधकाम पलटण?”

“हाय.” ही मटकी. तूप म्हणजे राखीव दल, मेथी म्हणजे सिग्नल, पाणी म्हणजे ट्रान्सपोर्ट. सर्व हजर झाले की हौसाबाई आपला एक प्रश्न करीत, “आन् तुमी?”

“हजर!” असे गरजून सुभेदार भाकरी मोडीत.

फौजेत त्यांनी बरीच वर्षे लंगर, म्हणजे जवानांचे स्वयंपाकघर, सांभाळला होता. शरीराविषयीचे त्यांचे सारे शास्त्र तेथले. “पायदळ रोज लढतंय, रोज खपतंय, म्हनून रोज लागतंय. मोडलं-झडलं बांधायचं काम बांधकामाचं. उपास-थंडीला राखीव दल उतरतंय. सिग्नल मूठभरच, पर त्यो तुटला की समदी पलटण आंधळी. आन् ट्रान्सपोर्ट बंद, तर कारभारच बंद!”

एका सकाळी मी अंगणात चहा-खारी खात होतो. भिंतीवरून सुभेदारांचे डोके वर आले. “साहेब, ही फौज न्हाई. ही बँड पार्टी हाय.”

औंधला एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. पानात पुरी, भात, नावाला वरण, बटाटा आणि बुंदी. सुभेदार पंगतीतून उठून उभे राहिले. “नुसतं पायदळ वाढलंय! बांधकाम कुठंय?”

नवरीचे मामा धावत आले. “आवं, मागच्या अंगाला चाललंय की. दोन खोल्या काढल्यात. या, दावतो.” त्यांनी सुभेदारांचा हात धरून त्यांना विटा, स्लॅब आणि न्हाणीघराची फरशी दाखवून आणली. परत आल्यावर सुभेदार एवढेच म्हणाले, “काम पक्कं हाय. पर वरण पातळच हाय.”

मी हसलो होतो. नंतर हसणे थांबले, त्याला कारण घडले. फाटकाच्या पत्र्याने माझी पोटरी चांगलीच कापली. टाके पडले. सुभेदार रोज सकाळी मटकीची वाटी घेऊन येत आणि माझ्यासमोर उकिडवे बसून जखमेची पाहणी करीत. “बघा. कडंनं काम सुरू झालं. आज मधी आलं.” मीही पाहू लागलो. धरणाचे काम मी जन्मभर पाहिले आहे. तेथे आराखडा लागतो, मुकादम लागतो, आरडाओरडा लागतो. येथे काहीच नव्हते. काल वाटीत असलेली उसळ आज माझी कातडी होत होती, आणि मला विचारलेसुद्धा जात नव्हते. सत्तरी ओलांडेपर्यंत मी हे शरीर वापरले होते, पाहिले नव्हते. त्या सकाळी मी वाटी रिकामी केली.

हौसाबाईंना मात्र या शास्त्राचे कौतुक नव्हते. “गप खावा. वरडून खाल्लेलं अंगी लागत न्हाई.”

“अंगी लागनं म्हंजे कंची पलटण?” सुभेदार विचारीत. त्या तव्यावर पुढची भाकरी टाकीत.

श्रावणात हौसाबाई गेल्या. दिवस झाल्यावर हजेरी पुन्हा सुरू झाली. आता सुभेदारच विचारीत आणि आवाज उतरवून स्वतःच “हाय” म्हणत. शेवटचा प्रश्न कुणी विचारीत नसे. त्यांचा सदरा खांद्यावरून लोंबू लागला. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवे भोक पाडले. सांगलीला मोठ्या डॉक्टरांना दाखवले. सर्व तपासण्या निर्दोष आल्या. वजन उतरतच राहिले.

आणि त्या सोमवारी पुकारही आला नाही. मी त्यांच्या दारात गेलो. दार उघडे होते. सुभेदार पाटावर बसले होते. समोर ताट वाढलेले होते: भाकरी, मटकी, तूप, मेथी, तांब्या. कशालाही हात लागला नव्हता.

“सुभेदार, हजेरी झाली नाही?”

“समदं हजर हाय, साहेब.” ते ताटाकडे पाहत होते. “विटा हायत, गवंडी हाय, पानी हाय. पर कामच उठंना. हौसा म्हनायची ती पलटण मला आता घावली. अंगी लागत न्हाई.”

मला सांत्वन करता येत नाही. मी दुसरे ताट घेतले, वाढून घेतले आणि समोर बसलो.

“घ्या हजेरी.”

त्यांनी मान वर केली. “पायदळ?”

“आहे.”

“‘आहे’ न्हवं, साहेब. ‘हाय’.”

माझा जन्म वाईचा. घरात आणि कचेरीत मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. “हाय,” मी म्हणालो.

“बांधकाम पलटण?”

“हाय.”

राखीव दल झाले. सिग्नल झाला. ट्रान्सपोर्ट झाला. ते थांबले. पुढचे वाक्य त्यांचे नव्हते, माझे होते.

“आन् तुमी?”

त्यांनी तांब्यातले पाणी घेतले, गिळले, तांब्या खाली ठेवला. “हजर,” ते म्हणाले. आवाज परेडचा नव्हता. मग त्यांनी भाकरी मोडली. आम्ही न बोलता जेवलो. ताटात काही राहिले नाही.

संध्याकाळी घरी मी मटकी निवडली, दोन माणसांची, आणि भिजत घातली.