ठाकुर्लीचे धवले आणि बारा खिशांचे मामा

प्रभाकर खानविलकर यांच्या कार्डावर नावाखाली चार ओळी होत्या. ‘खाजगी अन्वेषक. संगणक-गुन्हे विश्लेषक. सॉफ्टवेअर निवड सल्लागार. गुप्तता शंभर टक्के.’ शेवटच्या ओळीबद्दल शंका घ्यायचं कारण नव्हतं, कारण कोपरीतल्या आपल्या इमारतीबाहेर ते कुणालाच माहीत नव्हते.

“देवयानी, लोकांना जे दिसतं ते मला दिसतंच,” ते भाचीला सांगत. “पण लोकांना जे दिसत नाही, तेही मला दिसतं.”

देवयानीच्या अनुभवानुसार यातलं दुसरं वाक्य तंतोतंत खरं होतं. लोकांना न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी प्रभाकरमामांना दिसत. लोकांना दिसतं तेवढंच काय ते दिसत नसे.

ती कल्याणच्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेई. मुलांनी चुकीचं रीडिंग लिहिलं तर खोडून पुन्हा घ्यायला लावी. मामांची रीडिंग्ज खोडायची सोय नव्हती. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कल्याणच्या बाजारातून बारा खिशांचं एक जाकीट आणि एक भिंग आणलं होतं, आणि ही दोन हत्यारं मिळाल्यावर गुन्हेगारांचं काही खरं नाही असं त्यांचं मत होतं. भिंगातून त्यांनी कधी काही पाहिलं नाही. ते हातात धरून बोलायचं असतं, अशी त्यांची समजूत होती. आणि देवयानी ही त्यांची सहायक होती, म्हणजे तसं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

ठाकुर्लीच्या नंदा भोईरांचं प्रकरण त्यांच्याकडे देवयानीमुळेच आलं, याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

नंदाताईंची मुलगी संचिता ही देवयानीची जुनी विद्यार्थिनी. तिचं लग्न ठरलं होतं. नंदाताईंच्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात लक्ष्मीआत्यांनी गायलेले धवले, लग्नाची गाणी, होते. लक्ष्मीआत्या म्हणजे नंदाताईंच्या नवऱ्याची, दौलतची, आत्या. आगरी लग्नात हळदीपासून वरात परतेपर्यंत प्रत्येक विधीला वेगळा धवला लागतो, आणि तो गाणारी धवलारीण म्हणजे ठाकुर्लीत लक्ष्मीआत्याच. पण आता त्यांचा घसा पार गेला होता आणि निम्मे शब्दही गेले होते. नंदाताईंनी ते सगळं आधीच स्वयंपाकघरात बसवून रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तेवढी एकच प्रत. आणि तो कॉम्प्युटर अलीकडे आतून टकटक आवाज करू लागला होता.

“बॅकअपसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, मॅडम?” नंदाताईंनी फोनवर विचारलं. नेमके मामा समोर बसलेले होते.

“सॉफ्टवेअर घेऊ?” त्यांनी भिंग उचललं. “फोन इकडे दे.”

“मामा, आधी गाणी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या,” देवयानी म्हणाली. “सॉफ्टवेअर मग सावकाश निवडा. डिस्क टकटक वाजतेय म्हणजे ती फार दिवसांची सोबतीण नाही.” तिने स्वतःचा पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला.

“नक्कल करणं हे कारकुनाचं काम,” मामा म्हणाले आणि पेनड्राइव्ह एका खिशात टाकला. “निवड करणं हे शास्त्र आहे.”

मग देवयानीच्या परीक्षा सुरू झाल्या आणि शास्त्र एकटंच ठाकुर्लीला जाऊ लागलं.

पहिल्यांदा ते नंदाताईंना घेऊन नवी हार्ड डिस्क आणायला गेले. तिचा रंग काळा असावा, कारण काळ्या रंगावर हॅकरची नजर ठरत नाही, एवढाच त्यांचा निकष. दसऱ्याला घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर, शिलाई मशीनबरोबर, दौलतच्या टेम्पोच्या चावीबरोबर ती डिस्कही पाटावर मांडली गेली. मामा त्या दिवशी जेवायला होतेच. “तांत्रिक वस्तूची पूजा तज्ज्ञाच्या हातून व्हावी,” असं म्हणून त्यांनी डिस्कला हळदकुंकवाची बोटं ओढली आणि मूठ भरून अक्षता वाहिल्या. एवढ्या, की टेम्पोची चावी नंतर शोधावी लागली.

दसरा झाल्यावर निवड सुरू झाली. देवयानीला तिचे वृत्तांत संध्याकाळी फोनवर मिळत.

पहिलं सॉफ्टवेअर होतं ‘वज्रकवच’. ते निवडण्यामागचं कारण, त्याचं चिन्ह ढालीचं होतं. ते अर्ध्यावर थांबलं आणि ‘डिस्क सापडत नाही’ असं म्हणालं.

“खोटं बोलतंय,” मामा म्हणाले. “डिस्क समोर होती. दिवा चालू होता. मी स्वतः डिस्क त्याला दाखवली.”

“वायर नीट बसलेली का?”

“वायर हा नवशिक्यांचा संशय, देवयानी.”

दुसरं होतं ‘जुळीभावंडं’. याची माहिती सांगणाऱ्या व्हिडिओतला माणूस मामांना सज्जन वाटला होता. तेही थांबलं आणि त्यानेही तेच वाक्य म्हटलं. दोन साक्षीदार शब्दशः एकच जबानी देतात म्हणजे ते पढवलेले असतात, हे विमा कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला काय सांगायचं? त्या दोन सॉफ्टवेअरमध्ये संगनमत असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली तर ती कदाचित खरी असेल, ही शक्यता देवयानीने मांडून पाहिली. मामांना ती बालिश वाटली.

तिने संचिताच्या हाती नवी वायर पाठवली. ती लावूनही डिस्क मधूनच गायब झाली. “बघ,” मामा म्हणाले. त्या फोनवर त्यांचा आवाज पहिल्यांदाच प्रेमळ होता.

देवयानीने एक अंदाज चुकला अशी नोंद मनात केली. वायर नाही. मग वायर जिथे बसते ती जागा. “डिस्कच्या खोबणीत एकदा डोकावून बघा,” तिने सांगितलं.

“अशक्य. डिस्क मी जप्त केली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टेपल मारलेत. आता तिला कोणी हात लावायचा नाही. शेजारच्या मायाच्या मुलीचंही लग्न याच महिन्यात आहे, हे तुला माहीत आहे का?”

“त्याचं काय?”

“तिला धवले हवे आहेत. बाई मत्सराने पेटलेली आहे. ती भिंतीपलीकडून बॅकअप अडवते.”

“कशाने अडवते?”

“ते शोधणं हेच तर माझं काम आहे,” मामा म्हणाले.

हळदीला आठवडा राहिला असताना नंदाताईंचा फोन थेट देवयानीला आला. आवाज बसलेला होता.

“मॅडम, सकाळी चालू केला तर टकटकही करत नाय. मेलाय तो. आत्यांचं सगळं त्यातच होतं. मी संचिताला काय सांगू? आत्यांना काय सांगू?”

देवयानी लॅपटॉप घेऊन निघाली. मामा तिच्या आधी तिथे पोचलेले होते. वाईट बातमी त्यांना लवकर कळे.

भोईरांच्या ओटीवर लक्ष्मीआत्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत मेलेल्या कॉम्प्युटरसमोर मामा उभे होते, जाकीट चढवून, आणि भाषण रंगात आलेलं होतं.

“नंदाताई, हा मृत्यू नैसर्गिक नाही. खून आहे. कॉम्प्युटरचा. प्रश्न एवढाच, की फायदा कोणाला?”

“माया तर काल संचिताला चुडा घेऊन आलेली,” नंदाताई म्हणाल्या.

“चुडा. म्हणजे घरात शिरायचं निमित्त.”

“साहेब, ती रोजच येते. चाळीस वर्षांचं शेजार हाय आमचं.”

“चाळीस वर्षांचा कट,” मामा हळूच म्हणाले. ते मनापासून प्रभावित झालेले दिसले.

“मामा,” देवयानी म्हणाली, “माझा पेनड्राइव्ह कुठाय?”

मामांनी एक खिसा तपासला. मग दुसरा. जाकिटाला बारा खिसे का असू नयेत, हे त्या खोलीतल्या सगळ्यांनी उभ्या उभ्या पाहिलं. आठव्या की नवव्या खिशातून पेनड्राइव्ह निघाला, एका लिमलेटच्या गोळीला चिकटलेला. त्यात काही नव्हतं. दसऱ्याआधीपासून तो ठाकुर्लीला येऊन जाऊन होता.

“यावर गाणी घेतली असती,” देवयानी म्हणाली, “तर आज तुम्हाला खून सापडला नसता.”

नंदाताईंनी पदराने मॉनिटर पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती.

“डिस्क द्या,” देवयानी म्हणाली.

“सील आहे.”

“सील नाही, स्टेपल आहे,” असं म्हणून तिने पिशवी फाडली. डिस्कवर अजून हळदकुंकवाच्या रेघा होत्या. तिने ती लॅपटॉपला लावली. दिवा लागला. लॅपटॉपने डिस्क आली म्हणून आवाज केला, लगेच गेली म्हणून केला, आणि गप्प झाला.

“तीच जबानी,” मामा म्हणाले. “लॅपटॉपही फितूर.”

“ओ भिंगवाले,” ओटीवरून आत्यांचा खरखरीत आवाज आला. “ती काच द्या जरा. मना तांदलातला खरा दिसत नाय.”

“आत्या, ते तपासाचं साधन आहे.”

“तुमी कवा बगता त्यातनं? दावून दावून झिजंल ती.”

नंदाताईंनी मामांच्या हातातून भिंग काढून ओटीवर नेऊन दिलं. आत्या त्यातून तांदूळ निवडू लागल्या. त्या भिंगाच्या आयुष्यातलं ते पहिलंच काम.

देवयानी डिस्क घेऊन ओटीवर उजेडात आली. खोबण जेमतेम बोटाच्या नखाएवढी, आणि आत अंधार. तिने ती तिरकी धरली, सरळ धरली. “आत्या, माझं झालं की देते, भिंग जरा–”

“इकरं आन,” म्हणून आत्यांनी डिस्कच ओढून घेतली आणि भिंग तिच्यावर धरलं. सुपातला खडा पाहावा तसं पाहिलं.

“यात तांदूल अरकलाय.”

“कुठे?”

“या भोकान. तिरपा बसलाय. तुमची वायर येते, त्याला टेकते, ना मागं सरते.” त्यांनी अंबाड्यातली पिन काढली, आत घातली, आणि एक दाणा सुपाच्या कडेवर आणून ठेवला. लालसर, तुटका दाणा.

“आमचे सुपातला नाय,” आत्या म्हणाल्या. “कुकू लागलंय. अक्षत हाय.” मग पिन पदराला पुसत म्हणाल्या, “सगला जनम तांदलातनं खरे काडले. आज खऱ्यातनं तांदूल काडला.”

डिस्कची पूजा कोणी केली होती ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याने केली होती त्यालाही हळूहळू आठवू लागलं होतं.

देवयानीने वायर लावली. या वेळी ती टक करून पूर्ण आत गेली. लॅपटॉपने एकदाच आवाज केला. तिला मनातून फार आशा नव्हती. दोन सॉफ्टवेअरनी अर्ध्यावर टाकलेले काही तुकडे मिळतील, असा तिचा हिशेब होता. तुकडे होतेच. पण त्यांच्या वरती एक साधं फोल्डर होतं, नाव ‘आत्या’, आणि त्यात धवले होते. हळदीचे, घाणा भरायचे, मांडवाचे, पाठवणीचे. सगळे.

“हे कोणी टाकलं?”

नंदाताईंनी वाकून पाहिलं. “मीच टाकलेले की. दसऱ्याला सकाळी. पूजेच्या आधी.”

“तुम्ही? कुठल्या सॉफ्टवेअरने?”

“सॉफ्टवेअर कुठलं? उचलून इकडे टाकले.” मग त्या जरा ओशाळल्या. “नवी डिस्क, मॅडम. रिकामी कशी ठेवायची देवापुढं? रिकामं भांडं पाटावर मांडतात का कधी? म्हटलं, काहीतरी घालावं आत. मग आत्यांचीच गाणी घातली.”

“आणि इतके दिवस बोलला नाहीत?”

“तो बॅकअप नव्हता ना,” नंदाताई म्हणाल्या. “साहेब म्हणालेले, बॅकअप सॉफ्टवेअरनेच होतो. आणि डिस्कच सापडत नाय म्हटल्यावर तीही गाणी गेली असंच वाटलं.”

देवयानीने मामांकडे पाहिलं. मामा मेलेल्या कॉम्प्युटरकडे पाहत होते. तिथे सहानुभूती मिळण्यासारखी होती.

“मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो,” त्यांनी घसा साफ केला, “हे आतल्या माणसाचं काम आहे.”

“बरोबर,” देवयानी म्हणाली. “खोबणीच्या आतलंच निघालं.”

तिने एक धवला उघडून पाहिला. लावून ऐकल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे. ज्या बॅकअपमधून वस्तू परत काढून बघितली नाही, तो बॅकअप नव्हे, नवस आहे, असं ती मुलांना सांगायची. भरदार, उंच आवाज ओटीभर पसरला. नंदाताई दाराला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

लक्ष्मीआत्या ऐकत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. गेलेले शब्द एकेक करून परत येत होते. मध्येच एक शिट्टी वाजली.

“ह्यो कुकर काडा त्यातनं,” त्या म्हणाल्या.

गाण्यांची एक प्रत नंदाताईंकडे राहिली, एक लिमलेट खरवडून काढलेल्या पेनड्राइव्हवर देवयानीने कोपरीला नेली, आणि एक शेजारच्या मायाला दिली गेली. तिने ती मागितली तेव्हा नंदाताईंना नवल वाटलं नाही. नवल मामांना वाटलं, कारण मायाने चक्क दारातून येऊन मागितली. पुढच्या आठवड्यात मामांच्या कार्डावर पाचवी ओळ आली: ‘हरवलेला डेटा परत मिळवून देऊ. ठाकुर्लीत यशस्वी प्रयोग.’

लग्नाला ते जाकीट घालून आले होते. मांडवात, व्यासपीठाच्या कडेला, देवयानीचा लॅपटॉप ठेवलेला आणि त्याला ती काळी डिस्क जोडलेली. मायाची मुलगी शेजारी बसून धवले लावत होती. मुहूर्त जवळ आला, आवाज बंद केला, अक्षता वाटल्या गेल्या. भटजींनी सूर लावला. मामांनी दोन्ही मुठी भरून घेतल्या.

‘सावधान’ म्हणायच्या आत लक्ष्मीआत्या पाहुण्यांतून उठल्या. नवरीकडे न बघता सरळ लॅपटॉपपाशी गेल्या आणि त्याच्यावर, डिस्कवर आणि वायरीवर आपला पदर पसरून उभ्या राहिल्या.

“हां,” त्या मामांना म्हणाल्या. “आता टाका.”