खालून पाहणारे राठोड साहेब

राठोड साहेब पंगतीत बसले की आधी ताट उलटं करून पाहतात. ताट रिकामं असेल तोवर ठीक. माझ्या मेहुणीच्या लग्नात मात्र वरण वाढून झाल्यावर त्यांना आठवण झाली. शर्ट पिवळा झाला, पण ताटाच्या बुडाला छाप आहे की नाही, हे त्यांनी पाहून घेतलंच.

साहेबांची सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून गेली. लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरतात आणि त्या शिशावर सरकारी शिक्का मारतात. ढाणकीच्या बाजारात साहेब एसटीतून उतरले की निम्मी वजनं पोत्याखाली जायची. "वरून काय पाहाचं? खालून पाह्य," हे त्यांचं पालुपद. ते रिटायर झाले, लोखंडी वजनं जाऊन इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी पालुपद काही सुटलं नाही. आमच्या घरी आले की कप, तांब्या, देवघरातली घंटी, सगळं पालथं होतं.

उमरखेडच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेर 'सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असा बोर्ड असल्यामुळे लोक मला हुशार समजतात. तर हा हुशार माणूस गेल्या उन्हाळ्यात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, मोबाइलवर कॅसिनो खेळायला लागला. चक्र फिरायचं, नाणी खणखणायची, एक गोरी बाई माझ्याकडे बघून हसायची. सुनंदाला, म्हणजे बायकोला, मी इंग्रजी सुधारतोय असं सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. 'ट्राय अगेन' मला तोंडपाठ झालं होतं.

एका दुपारी साहेबांनी मला रंगेहाथ पकडलं.

"काय करून राह्यला बे?"

"काही नाई साहेब. लायसनवाला खेळ आहे."

"लायसन? खालून पाह्य."

मी फोन उलटा केला.

"फोन नाई लेका, पान! पानाच्या खाली जा. आनखी खाली जा."

इतके दिवस खेळून मी त्या पानाच्या तळाशी कधी गेलोच नव्हतो. तिथे चक्क सोनेरी शिक्का होता! कुठल्याशा बेटाच्या सरकारचा, नंबरासकट. माझी छाती फुगली. साहेबांनी त्यावर बोट दाबलं, पुन्हा दाबलं. काही उघडलं नाही.

"खरा शिक्का दाबला का सरकारी यादी उघडते. त्यात कंपनीचं नाव असते. हे त निसतं चित्र हाय."

वजनकाट्यातल्या माणसाला हे कसं ठाऊक, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मला हरलेल्या नाण्यांचं दुःख होतं.

"पण साहेब, समजा बेटाचं लायसन खरं निघालं तर?"

"तरी काय? ढाणकीच्या बाजारात दुकान लावशीन अन् पावती मारेगावच्या बाजाराची दाखवशीन, त चालन काय? आपल्या राज्यात असल्या खेळाले परवाना देनारं हापिसच नाई. मारनाराच नाई, त शिक्का आला कुठून?"

तिथून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. साहेबांनी त्या बेटाच्या ऑफिसला पत्र लिहायला घेतलं, ते मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत टाइप करायचो. माझं इंग्रजी वाचून त्या बेटावर काय हाहाकार झाला असेल, देव जाणे. वर साहेबांनी उत्तरासाठी स्वतःचा पत्ता लिहिलेलं, आपल्याकडची तिकिटं चिकटवलेलं पाकीट आत घातलं. "सरकारी उत्तर पाह्यजे त परतीचं पाकीट द्या लागते." आपली तिकिटं तिकडे चालत नाहीत, हे पोस्टातल्या बाईंनी हसू दाबत सांगितलं. साहेब म्हणाले, "त्याईले ठरवू द्या." मग बाजारातले लोकही आपापले खेळ घेऊन यायला लागले. साहेब तळाशी जायचे, शिक्का दाबायचे आणि म्हणायचे, "फेल."

साहेबांचा एकुलता एक मुलगा पवन वर्षभरापूर्वी परदेशात नोकरीला गेला. काम म्हणे गेमिंग कंपनीत, कॉम्प्युटरवर. साहेबांनी स्टँडभर पेढे वाटले होते. दर रविवारी माझ्या दुकानात बसून ते त्याच्याशी व्हिडिओवर बोलायचे. पुढे पवन कॅमेरा लावेनासा झाला. मग "बा, ड्युटी हाय," एवढंच म्हणून ठेवायला लागला. गेले काही रविवार तर फोनच नव्हता. "बिझी असन," साहेब म्हणायचे आणि माझ्या टेबलावरचं स्टेपलर पालथं करून बघत बसायचे.

मला मात्र एकच ध्यास लागला होता, साहेबांना एकदा तरी हरवायचं. दोन दिवस खपून मी असा एक कॅसिनो शोधला, ज्याचा शिक्का दाबला की खरोखर सरकारी यादी उघडायची. साहेब दुकानात आले तसा मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"घ्या! दाबा! पास की नाही?"

त्यांनी दाबलं. यादी उघडली. साहेबांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. मी टाळीसाठी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. साहेब खाली बसले.

"म्हंजे खरी यादी अशी असते," ते हळूच म्हणाले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. "यात एक नाव पाहून दे बरं."

पवनच्या नेमणूकपत्राची रंगीत झेरॉक्स होती. माझ्याच मशीनवर काढलेली. तळाशी त्या यादीवरच्याच सरकारचा सोनेरी शिक्का होता, नंबरासकट.

मी यादीत कंपनीचं नाव टाकलं, नाही सापडलं. नंबर टाकला, तो दुसऱ्याच कंपनीचा निघाला. स्पेलिंग बदललं, पुन्हा टाकलं. मी एवढं मन लावून कुणाचाच फॉर्म भरला नव्हता.

"राहू दे," साहेब म्हणाले. "मले वाटलंच होतं. दुनियेचे शिक्के तपासून राह्यलो, पन हा दाबाची हिंमत होत नव्हती. पोराची याडी रोज इचारते, कंपनी चांगली हाय ना? आई हाय त्याची, झोप येत नाई तिले. काय सांगू?"

मला माझी लाज वाटली. त्या माणसाला हरवायला मी दोन दिवस घालवले होते.

"बेटाला पत्र लिहू या साहेब? आता नीट इंग्रजीत?"

"नाई. पोराले लिहू. मराठीत."

मी टाइप करायला बसलो. साहेब नेहमीसारखं 'विषय' आणि 'संदर्भ' सांगतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी टेबलावरचं स्टेपलर बाजूला सारलं. मग एक-एक शब्द सांगायला लागले.

"पवन, कंपनीचं मले समजलं. तू घाबरू नको. कागद असो नसो, पगार भेटो नाई भेटो, जसा असशीन तसा घरी ये. तुह्या याडीले मी समजावतो. अन् तू आल्यावर मी काही तपासनार नाई."