साळूताईच्या बागेतलं चहापान

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं, आणि जे नव्हतं त्यासाठी एक समिती होती. नीट बसा, चुळबुळ करू नका, गोष्ट छोटी आहे.

त्या जंगलात साळूताई नावाची एक साळिंदर राहायची. ओढ्याकाठी तिची बाग होती. बाकीचं जंगल हिरवं म्हणजे हिरवंच, बघून बघून डोळे विटायचे. पण आश्विन लागला की साळूताईच्या बागेत रंगांची नुसती लयलूट. बदामाची पानं लालभडक, क्रोटनची पिवळीजर्द, आणि अंजिरी रंगाचं एक झुडूप तर तिनं घाट चढून जाऊन आणलेलं. सात वर्षं खपली होती बाई. कुणाच्या लग्नकार्याला गेली नाही, माहेरी गेली नाही. कुणी बोलावलं की म्हणायची, झाडांना पाणी घालायचंय.

एके दिवशी समितीच्या मनात आलं, की ओढ्याकाठची जागा सपाट करावी आणि तिथे व्यासपीठ बांधावं. व्यासपीठ कशाला, तर सत्कार करायला. सत्कार कुणाचा, तर समितीचा. हसू नका, तुमच्याकडेही असंच चालतं.

साळूताईनं हे ऐकलं आणि हातातली झारी तिथेच टाकली. ती धावत समितीच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे गवेसाहेब, जातीनं गवा, अंगानं आडदांड पण मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, रविवारी दुपारी सगळ्यांना बागेत चहाला बोलवा. पाहुण्यांनी अभिप्रायवहीत बाग आवडली असं लिहिलं तर बाग राहील. नाही लिहिलं तर सोमवारी रानडुकरं येऊन सगळं उकरून टाकतील.

निमंत्रणं चिटणीस कोल्ह्यांनी लिहिली. चिटणिसांना साधं लिहिता येत नाही, हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेलच. ‘या, रंग बघा, चहा प्या’ एवढं लिहिलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं. त्यांनी लिहिलं, ‘शरद ऋतूतील रंगीत पानांसह चहापान.’

सांबरीणकाकूंनी ते दोनदा वाचलं आणि घरच्यांना बजावलं, की चहा आहे, पान आहे, रविवारी सकाळी कुणी चरायचं नाही.

रविवारी साळूताई पहाटेपासून राबत होती. गळलेल्या पानांतली देखणी पानं तिनं निवडली, पुसली आणि प्रत्येक पाहुण्याच्या जागेसमोर एकेक मांडलं. शोभेला हो. वर प्रत्येक पानाभोवती बारीक रांगोळीही काढली. आता तुम्हीच सांगा, समोर पान आणि पानाभोवती रांगोळी, याचा मराठी जंगलात दुसरा काही अर्थ होतो का?

पाहुणे आले आणि रांगेनं मांडी घालून बसले. साळूताई आत चूल फुंकत होती, गवती चहाला काही केल्या उकळी येईना. इकडे गवेसाहेब उठले आणि म्हणाले, “साळूताईंनी आपल्यासाठी पानं मांडली आहेत. संकोच करू नका.”

कुणी केला नाही.

साळूताई किटली घेऊन बाहेर आली तेव्हा पुढ्यातलं संपून वाढप सुरू झालं होतं. वानरं बदामावर चढली होती आणि वरून विचारत होती, तांबडं हवं की पिवळं. सांबरीणकाकू पुरे पुरे म्हणत तोंड पुढे करत होत्या. घाटावरच्या अंजिरी झुडपाचा तर आग्रहात केव्हाच फडशा पडला होता.

साळूताईचे काटे सळसळत ताठ उभे राहिले. पाहुणे आपसात म्हणाले, बाईला भरून आलंय. भरून तर आलंच होतं. ती गवेसाहेबांजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “साहेब, ती खायची नव्हती हो. बघायची होती.”

“बघितली की,” गवेसाहेब चावता चावता म्हणाले. “बघून मगच खाल्ली.”

खरं ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं. पण खरं सांगितलं की पाहुणे ओशाळणार, आणि ओशाळलेला पाहुणा कधी चांगला अभिप्राय लिहीत नाही. साळूताईनं चहा ओतायला घेतला.

तेवढ्यात एका वानरानं शेंड्यावरचं शेवटचं पान तोडून तिच्यापुढे धरलं. यजमानीणबाईच उपाशी राहतात म्हणजे काय. गवेसाहेब वहीवर लेखणी टेकवून थांबले. सगळी पंगत तिच्या तोंडाकडे बघायला लागली.

साळूताईनं पान खाल्लं.

“कसं आहे?” सांबरीणकाकूंनी विचारलं.

“छान आहे,” साळूताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं, कारण ते खरोखरच छान होतं.

पाहुण्यांनी एकमतानं लिहिलं, की एवढी सुंदर बाग उभ्या जंगलात नाही. समितीनं जागेवरच ठराव केला, की या बागेला यापुढे कुणी हात लावायचा नाही. मग सगळे तृप्त होऊन, उघड्याबोडक्या काटक्यांमधून वाट काढत आपापल्या घरी गेले.

तात्पर्य: जे जिवापाड जपलंय ते वाचवायचं असेल, तर एकदा सगळ्यांना खाऊ घालावं. उरत काही नाही, पण वाचतं.