मोहीम पाच गिगाहर्ट्झची

मजकूर ऐसा की, घरातील एका संगणकाची मोहीम शनिवारी सकाळी आठांस सुरू जाहली ती सायंकाळी पाचांस आटोपली, आणि त्यात भल्याभल्यांचे धीर खचले, म्हणोन जे घडले ते पदरचे काही न घालता लिहून ठेविले आहे. कोणी म्हणेल, एवढ्याशा यंत्रापायी एवढी शाई कशास? त्याणे एकवार स्वहस्ते प्रोसेसराचा वेग वाढवून पाहावा आणि मग बोलावे.

तर चिरंजीव राजश्री, विमा कचेरीतील कारकून, वय वर्षे चाळीस, घरातील समस्त तारांचे व बटणांचे सरसुभेदार. त्यांच्या मातुःश्री इस्पितळात मुख्य परिचारिका. चौतीस वर्षे चाकरी इमाने करून त्या सकाळी अखेरच्या पाळीस गेल्या होत्या आणि त्याच सायंकाळी सहांस इस्पितळाच्या सभागृहात त्यांचा निरोपसमारंभ नेमला होता. चिरंजिवांच्या सौभाग्यवती चित्रफिती जोडण्याचा हुन्नर करीत. त्यांनी तीन महिने खपून जुने फोटो, बऱ्या जाहलेल्या रोग्यांचे निरोप, वॉर्डातील मंडळींच्या आठवणी गोळा केल्या आणि सासूबाईंस सुगावा न लागू देता चाळीस मिनिटांची फिल्म सिद्ध केली. आता संगणकाने ती सारी एकत्र करून एक फाइल तेवढी द्यावयाची होती आणि त्यास सव्वापाच तास लागत. आठांस बटण दाबले असते तर सव्वा वाजता काम तमाम होते आणि ही बखर लिहावी लागती ना.

परंतु चिरंजिवांच्या मनी मसलत आली की, चार गिगाहर्ट्झ वेगाची प्रोसेसराची असामी पाचांवर चढवावी आणि काम झटक्यासरशी उरकावे. आदले दिवशीच नवा कूलर, प्रोसेसराचे डोके थंड राखणारा, तांब्याच्या बुडाचा, दोन पंख्यांचा, तीर्थरूप नानांच्या मदतीने, मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून, बसविला होता, तो हाती असता स्वस्थ बसणे त्यांस अशक्य जाहले.

"अगं, पाऊण तास तरी वाचेल!"

"आणि त्या पाऊण तासाचं करायचंय काय?" सौभाग्यवतींनी पुसले.

चिरंजिवांनी उत्तरादाखल मोहीम सुरू केली.

मग बायोसात, म्हणजे जेथून यंत्राचा मूळ कारभार चालतो त्या गडात, चिरंजीव दाखल जाहले आणि वेग पाचांवर नेऊन ठेविला. पडदा उजळला, मावळला, फिरोन उजळला, फिरोन मावळला. वेग वाढला तर व्होल्टेजही वाढवावे ऐसे शास्त्र, म्हणोन विजेची रसद वाढविली, आणि संगणक उभा राहिला, आणि फिल्मचे काम शेकडा चारांपर्यंत गेले, आणि मग निळा पडदा येऊन सारा डाव उधळला. उष्णतेचा आकडा शंभरावर. मग चिरंजिवांचा संशय रॅमवर गेला. बिचारीच्या दोन्ही पट्ट्या उपसून, फुंकून, अदलाबदल करून बसविल्या, तिचा काडीचाही अपराध नसता. फळ शून्य. अखेरीस आतील बटणाएवढा सेल काढून पाच मिनिटे बाहेर ठेविला, जेणेकरून यंत्र केले-करविले सारे विसरून मूळपदी यावे.

यंत्र मूळपदी आले, वेग चारांवर आला, आणि तरी आकडा अठ्ठ्याण्णव. दहा मिनिटांत यंत्र आपोआप बंद जाहले.

काल जुन्या कूलरावर जे यंत्र सुखरूप चालत होते ते आज रोजच्या वेगानेही चालेना. घड्याळात पावणेबारा. सौभाग्यवती दारात उभ्या, आवाज चढवीत नव्हत्या, हेच अधिक भयंकर.

"मला पाच नकोत, चार नकोत. आईंची फिल्म हवी," ऐसे फर्मान देऊन त्या सभागृहवाल्यांस फोन करावयास आत गेल्या.

मग चिरंजिवांनी प्रथमच शांत डोक्याने विचार केला. कालपासून बदलले काय? एक कूलर. तो उतरवावयास घेतला.

येथे नानांचा लौकिक सांगणे प्राप्त आहे. नव्या वस्तूवरील प्लॅस्टिक काढू नये, हा त्यांचा घरातील कायदा. टीव्हीचा रिमोट अकरा वर्षे पिशवीत. खुर्चीच्या हातांवरील वेष्टण बसणाऱ्यागणिक चुरचुरे. धुलाईयंत्राच्या बटणांवर प्लॅस्टिक ऐसे धुरकटलेले की, कोणते बटण कशाचे हे एकटे नाना जाणत. मातुःश्रींच्या आवडीचा कपबशांचा निळा संच खोक्यातच होता. निवृत्त जाहल्यावर वापरू, ऐसे त्या दोघांत ठरले होते.

"हलकेच काढ रे," नाना म्हणाले, "बुडाला चरा पडेल. म्हणजे पडायचा नाही म्हणा, मी लावून ठेवलंय."

"काय लावून ठेवलंय?"

"तू काल पेस्ट आणायला गेलास ना आत, तेव्हा. उघडंच टाकलं होतंस. इतकं चकचकीत तांबं!"

चिरंजिवांनी कूलर उलटा केला. बुडास पातळ प्लॅस्टिक, नखाने दाबून एक बुडबुडा न ठेविता फिरोन चिकटविलेले, त्यावर "वापरण्यापूर्वी काढा" ही अक्षरे, आणि अक्षरांवर पेस्ट. प्रोसेसराने आपली सारी उष्णता वर धाडावी आणि प्लॅस्टिकाने ती दारातूनच परतवावी, ऐसा बंदोबस्त. नानांनी अक्षरे वाचली. मग फिरोन वाचली. त्यांचा चेहरा एवढासा जाहला.

इतक्यात सौभाग्यवती बाहेर आल्या. "सापडलं का? काय होतं?"

चिरंजिवांस रिमोट आठवला, खुर्ची आठवली, आणि बोलावयाचे पुष्कळ होते. परंतु नाना खाली मान घालून पेस्टेचे बोट सदऱ्यास पुसत होते, तो सदरा समारंभासाठी इस्त्री केलेला होता.

"माझंच चुकलं," चिरंजीव वदले. "प्लॅस्टिक काढायचं राहिलं."

साडेबारांस यंत्र सिद्ध जाहले. परंतु आता मूळ वेगाने पावणेसहा वाजते, आणि सव्वापाचांस तर घर सोडणे भाग. एवंच जो वेग सकाळी हौस होता तो दुपारी गरज होऊन बसला. चिरंजिवांनी पाचांचा हट्ट टाकून पावणेपाचांहून किंचित कमी वेगाशी तह केला. आकडा बहात्तरांवर स्थिर राहिला. सौभाग्यवती खुर्ची ओढून पडद्यापुढे बसल्या, आणि नाना त्या चुरचुरत्या खुर्चीत साडेचार तास बसले, आवाज होईल म्हणोन हललेदेखील नाहीत. बरोबर पाचांस फाइल तयार जाहली.

समारंभ यथास्थित जाहला. फिल्म पाहोन मातुःश्री रडल्या आणि रडता रडता एका जुन्या रोग्यास गोळ्या वेळेवर घेतोस की नाही, हे विचारीत राहिल्या. भेट म्हणोन भिंतीवरील घड्याळ मिळाले. घरी येताच चिरंजिवांनी ते रिवाजाप्रमाणे काचेवरील प्लॅस्टिकासकट खिळ्यास लाविले. नाना उठले. कोपरा नखाने सोडवून सारे प्लॅस्टिक आपल्या हाते सोलून काढिले. मग कपबशांचे निळे खोके खाली घेतले.

"अहो, चरे पडतील," मातुःश्री म्हणाल्या.

"पडू देत," नाना म्हणाले. "आता नाही वापरायचं तर कधी?"

शनिवार, रात्री आठ वाजावयास दहा मिनिटे कमी असता, नव्या कपांतून चौघांनी चहा घेतला. पाच गिगाहर्ट्झ हाती आले नाहीत. मोहीम फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नोंदले आहे.