साहेबांच्या मुक्या फोनचं प्रकरण

"मी खोलीत शिरलो की खुर्च्यासुद्धा खरं बोलू लागतात," असं भिंगकाका स्वतःविषयी सांगत. हुद्द्याने ते आवक-जावक कारकून. पण पाकिटांवर शिक्के मारणं हे आपलं निव्वळ वेषांतर आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. खिशातलं भिंग त्यांनी आजवर फक्त बिस्किटातली मुंगी शोधायला वापरलं होतं, हे कचेरीतल्या टेलिफोन ऑपरेटर ताईला ठाऊक होतं. पण आज तिचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून तिने त्यांना आपल्या फोनपाशी येऊ दिलं.

झालं होतं असं. मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी सकाळपासून आठ वेळा फोन केला. ताईने आठही वेळा तो इथल्या साहेबांना जोडून दिला. तिच्या कानात घंटा ऐकू यायची, पण उचलत कुणीच नसे. आणि साहेब म्हणत होते, "माझा फोन एकदाही वाजला नाही! पाचपर्यंत वाजला नाही, तर उद्यापासून तुम्ही गोदामात." आपण होऊन मोठ्या साहेबांना फोन करायची त्यांची छाती नव्हती.

भिंगकाका ताईच्या फोनवर ओणवे झाले. "लाल दिवा! फोन संतापलाय."

"काका, दिवा लाल आणि स्थिर असला, की त्या लाइनवर कुणीतरी बोलत असतं."

"मग हा लुकलुकणारा? गुप्त संदेश! तीन... चार..."

"तो होल्डवर आहे. पंखे दुरुस्त करणारा बिचारा दहा मिनिटं ताटकळतोय. भिंग जरा बाजूला घ्या, मला बटण दिसू दे."

एवढ्यात मोठ्या साहेबांचा नववा फोन आला; ताईने तो जोडून दिला, घंटा वाजत ठेवली आणि मोर्चा साहेबांच्या केबिनकडे वळला. त्यांच्या फोनच्या पडद्यावर एक छोटा वाकडा बाण होता. ताईच्या फोनवर असलं चिन्ह कधी उमटलंच नव्हतं.

"गुन्हेगार पळाल्याची दिशा!" काका कुजबुजले. "उजवीकडे."

उजवीकडे हात धुवायची जागा होती. काका दबक्या पावलांनी आत गेले आणि पाच मिनिटांनी परतले. "संशयित निसटला. पण साबण ओला आहे."

"साबण मीच वापरला!" साहेब ओरडले.

इतक्यात झाडूवाल्या मावशी कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "ताई, त्या मागच्या जुन्या फायलींच्या खोलीतला फोन आधी बंद करा बाई! मी झाडायला गेले, तर नुसता बोंबलतोय. शेवटी उचलला."

"कोण होतं?" ताईने विचारलं.

"कुणी मोठे साहेब म्हणे. आपले साहेब आहेत का, विचारत होते. मी म्हटलं, काल दुपारी झोपले होते इथे, उशी अजून तशीच आहे. आज आले नाहीत अजून."

ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "साहेब, हा बाण म्हणजे तुमचे फोन दुसरीकडे वळवलेत. काल तिकडे जाताना तुम्हीच वळवले असतील, आणि आल्यावर परत फिरवायचे राहिले."

साहेबांचे कान लाल झाले. लाल आणि स्थिर.

"मी हेच सांगणार होतो," भिंगकाका म्हणाले.

ताईने बटण दाबलं. बाण नाहीसा झाला. पाचला दहा मिनिटं कमी असताना साहेबांचा फोन खणखणला. त्यांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला.

"होय सर," ते म्हणाले. "होय... झाली झोप."