साळूबाईच्या ज्वारीतली हिरवी तूर

एका जंगलात, बाळांनो, प्राणी शेती करत. हसू नका, त्यांना जमायची.

तिथल्या वाघोबाला एकदा वाटलं, कुणाचं पीक कुठवर आलंय हे आपल्याला बसल्या जागी कळावं. शेतात जायचं म्हणजे पंजाला चिखल! मग त्याने गरुडाला नेमलं. गरुड ढगांजवळ घिरट्या घाली आणि शेताशेताचा हिरवेपणा मोजी. हिरवं वाढलं, की पीक वाढतंय. हिरवं ओसरलं, की पीक पिकलं. झालं शास्त्र!

हुकूम सुटला : गरुडसाहेब ‘पिकलं’ म्हणेपर्यंत कणसाला विळा लावायचा नाही. लावला, तर शेत जप्त.

साळूबाई नावाच्या साळिंदरबाईने ज्वारी पेरली होती आणि मधल्या ओळींत तूर. तिच्या सासरची रीतच तशी. ज्वारी आधी काढायची, तूर मागाहून.

ज्वारी टच्च भरली, वाळून कडकडीत झाली. तूर मात्र हिरवीगार. गरुड वरून ओरडला, "पीक वाढीच्या अवस्थेत!"

"अहो साहेब, ती तूर आहे तूर!" साळूबाई खालून ओरडली. "जरा उतरा, कणीस हातात घेऊन बघा!"

"खाली उतरलं की एकच शेत दिसतं, बाई. मला अख्खं जंगल बघायचं असतं."

चिमण्यांना हुकूम लागू नव्हता. त्या थव्याथव्याने आल्या. साळूबाई काटे फुलवून धावायची, पोरं डबे बडवायची. "अगं बायांनो, माझ्या लेकरांच्या तोंडचा घास गं तो!" पण चिमण्या कसल्या ऐकतात!

शेवटी तिने काळजावर दगड ठेवला आणि फुलोऱ्यातली तूर मुळासकट उपटून टाकली. शेत पिवळं पडलं.

"पिकलं!" गरुड लगेच ओरडला. "अगदी माझ्या अंदाजाबरहुकूम!"

साळूबाई विळा घेऊन धावली. कणसांत औषधालासुद्धा दाणा नव्हता. तूर तर हातची गेलीच होती.

ती दरबारात गेली, तेव्हा गरुडाला शाल-श्रीफळ चाललं होतं. शेजारच्या रानडुकराने काहीच पेरलं नव्हतं. त्याच्या गाजरगवताला जोमदार वाढीचं बक्षीस मिळालं.

"महाराज, घरात दाणा नाही हो," साळूबाई रडत म्हणाली. "पोरांना काय घालू?"

वाघोबा कळवळला. "अरेरे! पण अवस्था बरोबर आली ना?"

तात्पर्य : बाळांनो, पोटासाठी पेरू नये, वरून दिसेल ते पेरावं. आणि भूक लागलीच, तर मान खाली घालून खुशाल रडावं. वरून ते दिसत नाही.